आठव्या कमानीवरची काच

प्रतीक्षाचं बोट कापलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि गजेंद्र वरच्या बाल्कनीत उभा राहून दात घासत होता. खाली, शेजारच्या आठ नंबरच्या घराच्या कमानीखाली, ती उकिडवी बसून रांगोळी काढत होती. मार्गशीर्षातली थंडी, अंगावर आत्याची जुनी शाल, न्हालेल्या केसांना गुंडाळलेला पंचा. आज तिचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. अकराच्या सुमाराला संग्रामपूरहून मुलाकडचे यायचे होते, चाळीसएक माणूस. ठिपके जोडता जोडता तिनं एकदम हात मागं घेतला, बोट तोंडात घातलं आणि मग रांगोळीतून काहीतरी उचलून उजेडाला धरून पाहिलं. मान वर करून ती म्हणाली, "काका, काच हाय. वरून पडली वाटते." नखाएवढा तुकडा. एवढ्या वरून तो दिसायचं काही कारण नव्हतं, पण गजेंद्रला दिसला. तोंडातला फेस त्यानं तसाच गिळला. अकरा दिवस, त्याच्या मनात आलं. या खेपेला फक्त अकरा दिवस.

या काचेचं प्रकरण बांधकामातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांना सांगायला हवं. भिंतीला भेग गेली की ती जुनी, मेलेली भेग आहे की अजून चालती आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मग तिच्यावर आडवी एक काचेची पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की डकवायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. बस, एवढंच. काच भिंतीला धरत नाही, सावरत नाही, तिचं काही बरं करत नाही. ती फक्त सांगते. गजेंद्रनं सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं अनुरेखकाचं काम केलं होतं, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले नकाशे स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायचे. लोणारकडच्या एका पुलावर साहेबांनी अशा पट्ट्या लावलेल्या त्यानं तरुणपणी पाहिल्या होत्या. आठव्या कमानीच्या माथ्यावर भेग दिसली तेव्हा त्यानं आपणहून तिथं पहिली काच लावली. ती आठ महिने टिकली. दुसरी चार महिने. तिसरी दीड महिना. त्या घरातली झुंबरबाई, प्रतीक्षाची आत्या, दर गुरुवारी देवळात जायची, प्रतीक्षा साखरखेर्ड्याच्या शाळेत मास्तरीण, ती शनिवार-रविवारपुरती घरी. तेवढ्यात स्टूल नेऊन तो तुटलेली काढायचा, नवी लावायचा आणि तुकडे कागदात बांधून परत यायचा. पहिली तुटली त्या दिवशी सांगता आलं असतं. दुसरी तुटली तेव्हा सांगायचं तर पहिलीचंही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या वेळी तर तोंड उघडायची सोयच राहिली नव्हती. माणूस दुनियेशी लबाडी करतो ती थोडी असते हो, स्वतःशी करतो तिला गणती नसते.

तो जिना उतरून खाली आला. जयमाला, त्याची बायको, स्वयंपाकघरात शिऱ्यासाठी रवा भाजत होती, म्हणाली की चहा तरी पिऊन जा. तो नाही म्हणाला. हॉलच्या भिंतीवर त्याचा एक जुना नकाशा फ्रेममध्ये लटकला होता, काच नसलेल्या फ्रेममध्ये. त्या काचेच्याच पट्ट्या कापून आणल्या होत्या आणि ड्रॉवरमध्ये, जुन्या विजेच्या बिलांखाली, आणखी पाच ठेवल्या होत्या. नकाशा त्यानं विसाव्या वर्षी सरावासाठी काढला होता, नऊकमानचा. खामगावच्या त्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं नऊ घरांची जी ओळ आहे तिला गाव नऊकमान म्हणतं. इंग्रजांच्या वेळी, वऱ्हाडातला कापूस बोटीत बसून विलायतेला जायचा तेव्हा, जिनवाल्या कंपनीनं बाबू लोकांसाठी बांधलेली. लाल भाजकी वीट, चुन्याची भरणी, वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग आढं आणि त्यावर कवेलू, म्हणजे कौलं. प्रत्येक घरापुढं वसरी, प्रत्येक वसरीला एक रुंद कमान, आणि दोन घरांमध्ये मिळून एकच भिंत. तुमची खुंटी माझ्या भिंतीत, माझा कोनाडा तुमच्या भिंतीत. तीन नंबरात कोणी रात्रभर खोकला की सकाळी चार नंबरवाली आल्याचा काढा घेऊन दारात उभी. कंपनी गेली, घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली, कोणी पुढं पत्रा मारला, कोणी रंग दिला, तरी रस्त्यावरून पाहिलं की नऊ कमानी एका ताठ दोरीत उभ्या दिसायच्या. परगावचा माणूस थांबून पाहायचा. गजेंद्रला लहानपणी वाटायचं की हे घर नव्हेच, नऊ माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत आणि कोणाची तरी वाट पाहत आहेत.

शेवटचं नऊ नंबर त्यांचं होतं, कारण बाप, पुंजाजी, कंपनीचा गवंडी होता आणि शेवटच्या घरात गवंडीच पाहिजे असं गोऱ्या साहेबाच्या वेळपासून ठरलेलं. त्या घराच्या बाहेरच्या अंगाला एक जाड, उतरती भिंत होती. खाली चार हात रुंद, वर निमुळती होत छपराला भिडलेली. पोट्टे तिला म्हैस म्हणायचे, बसलेल्या म्हशीसारखी दिसायची म्हणून, आणि तिच्या पाठीवरून घसरगुंडी करून चड्ड्या फाडून घ्यायचे. बाप ओरडायचा नाही. एकदा त्यानं ओळीतली नऊ पोरं गोळा केली आणि खांद्याला खांदा लावून एका बाजूला कलून उभी केली, सगळ्यांचा भार शेवटच्यावर, आणि शेवटचा गजेंद्र, त्याची पाठ म्हशीला. "गज्या, कमान उभी दिसते, पण ते आडवी रेटते," बाप म्हणाला. "पहिली दुसरीले रेटते, दुसरी तिसरीले. साऱ्यांचा रेटा येऊन म्हशीवर बसते. आता तू सरक बरं बाजूले." गजेंद्र सरकला आणि आठही पोरं एकमेकांवर आदळली. छाया नावाच्या पोरीचा दात पडला, तिच्या आईनं पुंजाजीला चार गोष्टी सुनावल्या, आणि सगळे हसले. पुढं नकाशा काढताना त्यानं प्रत्येक कमानीवर लाल शाईनं बाण काढले होते. नऊही बाण म्हशीकडं जात होते. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर नऊ नंबर पाडलं. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा जीवन म्हणाला, बाबा, कवेलू किती दिवस चाळत बसायचे, खाली पार्किंग काढू, वर दोन मजले चढवू. त्यात गैर काही नव्हतं, सगळं गाव तेच करत होतं. ठेकेदार आला, पायानं विटा ठोकून पाहिल्या आणि विचारलं की काका, पुढची कमान आणि हे जाड धूड ठेवायचं का काढायचं? जीवननं नवी गाडी आणून उभी केली, दार उघडून पाहिलं. म्हैस राहिली तर दार अर्धंच उघडत होतं. दोघंही गजेंद्रकडं पाहू लागले. आत, अजून न काढलेल्या भिंतीवर, नकाशा लटकत होता. त्याला वाटलं, बोलावं. मग वाटलं, शंभर वर्षांचा चुना, आता दगड झाला असेल. आणि आपलं नवं घर येतंच आहे की टेकायला. "काढा," तो म्हणाला. एकच शब्द. जुनी माणसं मोठी पापं करताना निदान देवाला नवस तरी बोलत असतील. नवं घर कॉलमवर उभं राहिलं, स्वतःच्या पायावर, आणि जुन्या ओळीपासून चार इंच अंतर सोडून, कारण तसा नियमच असतो. त्या चार इंचांत थर्माकोल भरला. नवं घर जुन्याला कुठंच टेकलं नाही.

आठ नंबरात झुंबरबाई राहायची. ती लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि गजेंद्र सहा वर्षांचा. पुढच्या साली त्याची आई गेली. बाप सकाळी कामाला जायचा तो दिवेलागणीला यायचा, तर दोन घरांमधल्या भिंतीत एक कोनाडा होता तो त्यानं पार आरपार पाडून दिला, ताटलीएवढा. त्यातून दुपारी बांगड्यांचा हात यायचा आणि भाकरीवर ठेचा यायचा, कधी शेंगदाण्याची चटणी, आणि आवाज यायचा, "गजू, जेवला का रे बापा?" तो हात त्याला तिच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचा होता. बाईला स्वतःला मूल झालं नाही, नवरा चाळिशीतच गेला, मग त्या हातात बांगड्या राहिल्या नाहीत, पण हात येत राहिला. भाऊ-भावजय अपघातात गेल्यावर तिनं भाचीला आणलं, ती ही प्रतीक्षा. नऊ नंबर पाडलं तेव्हा कोनाड्याचं ते भोक आठ नंबराच्या उघड्या पडलेल्या भिंतीत राहिलं होतं, रस्त्यावरून सरळ तिच्या स्वयंपाकघरातला गॅस दिसायचा. गजेंद्रनं स्वतः उभं राहून ते सिमेंटच्या विटेनं बुजवलं. ती आतून मजुरांना चहा देत होती, म्हणाली, बरं केलं बापा, थंडी येत होती.

प्रतीक्षा बोट बांधायला आत गेली होती, आणि तो स्टूल आणि वाटीभर पांढरं सिमेंट घेऊन त्या कमानीखाली उभा होता. वर पट्टी मधोमध तुटून अर्धी लोंबत होती, आणि भेगेत, जिथं मागच्या वेळी नख जात होतं, तिथं आता करंगळी गेली. पाऊस यंदा जास्त झाला होता, आणि आता काळी माती वाळून आवळत होती. या मातीचा काही भरवसा नाही, ओली असली की फुगते, सुकली की पायाखालून सरकते. त्यानं वर पाहिलं. कमानीच्या माथ्यावरची वीट, बापानंच कधीतरी बदललेली, बोटभर खाली आली होती. चाळीस माणसं अकरा वाजता इथं सतरंजीवर बसणार होती. सांगायचं, आत्ता सांगायचं, तो मनाशी म्हणाला, आणि हातानं मात्र नवी पट्टी काढली, तिच्या एकाच टोकाला सिमेंट लावलं आणि भेगेच्या एकाच बाजूला ती डकवली. दुसरं टोक नुसतं भिंतीला टेकवलं. एका बाजूनं लावलेली काच कधीच तुटत नाही. आजचा दिवस पाहुण्यांसमोर तुटकी काच नको, एवढंच त्यानं स्वतःला सांगितलं. मागं चाहूल लागली. झुंबरबाईनं येऊन स्टूल धरलं होतं.

"लाव बापा," ती म्हणाली. "मले वाटलंच आज लावशीन तू."

त्याच्या हातातली थापी थांबली. मग ती सांगत राहिली, स्टूल धरून, खाली रांगोळीकडं पाहत. प्रत्येक खेपेला तिला कळायचं म्हणे. देवळातून आली की काच नवीन दिसायची, धूळ नसलेली. पहिल्यांदा भीती वाटली होती, रात्री वसरीत भेगेकडं पाहत पडायची. मग एक दिवस दिसलं की गजूनं गुपचूप नवी लावली. कोणाला सांगत नाही, उपकार दाखवत नाही. पुंजाजी मिस्त्रीचं लेकरू, घराची नाडी याच्या हातात. "तू काच लावली का मी निवांत झोपतो," ती म्हणाली. "जुनी झाली का बदलून देतं. आता कायचं भेव?"

तिला वाटत होतं काच म्हणजे औषध. वर्षभर ती त्या औषधाच्या भरवशावर भेगेखाली झोपत होती. गजेंद्रच्या जिभेवर खरं वाक्य येऊन बसलं होतं, अगदी तयार, पाच-सहा शब्दांचं. ते बाहेर पडलं असतं तर आठ घरं त्याच्या दारात आली असती, जीवनचं नाव, जयमालेचं तोंड, नकाशावरचे बाण, सगळं रस्त्यावर आलं असतं, आणि या बाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं असतं. बाकीचं सगळं एक वेळ सोसलं असतं. तेवढं एक नको होतं. तो स्टुलावरून उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "काकू, कार्यक्रम आमच्याकडं करू. पार्किंगमंधी. इथी चाळीस लोकं मावत नाहीत."

ती विरघळलीच. एवढी मोठी फरशीची जागा, दुसऱ्याची लेक आपलीच मानणारा शेजार. डोळ्याला पदर लावला. नको नको म्हणाली, मग हो म्हणाली. प्रतीक्षाला हाक मारली. अर्ध्या तासात सतरंज्या उचलल्या गेल्या, सात नंबरचा शंकरराव आणि त्याची बायको अन्नपूर्णाबाई खुर्च्या घेऊन आले, जीवननं गाडी बाहेर काढली, रांगोळी नव्यानं काढायला घेतली. गजेंद्रचा जीव भांड्यात पडला. सुटलो, त्याला वाटलं. साप मेला आणि काठीही तुटली नाही. संध्याकाळी काकूला म्हणू, चार दिवस वर येऊन राहा, आम्हाला करमत नाही. मग ठेकेदाराकडून लोखंडी टेकू मागवू, रंगकामाचं निमित्त काढू. निमित्तं सुचत गेली, एकाहून एक चांगली. त्यानं आंघोळ केली, कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि चक्क दोन कप चहा प्याला.

पाहुणे साडेअकराला आले. संग्रामपूरकडचे माळी शेतकरी, सातपुड्याच्या पायथ्याला पाण्याची जमीन, संत्र्याची झाडं, बोलायला मोकळे. मुलाच्या मामानं, इंद्रभान त्याचं नाव, आल्या आल्या फरशीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, जागा मस्त हाय भाऊ. मुलगा, गोपाल, मान खाली घालून बसला होता. प्रतीक्षा हिरवी साडी नेसून आली, कापलेल्या बोटाला चिकटपट्टी. ओटी भरायची वेळ झाली तशी जयमाला पुढं झाली, कुंकवाची कोयरी हातात. गजेंद्र पाहत होता आणि त्याला बरं वाटत होतं, सगळे त्याच्याच छताखाली, कॉलम-बीमच्या छताखाली, सुरक्षित. मग त्याची नजर बायकांवरून फिरली, एकदा, दोनदा. जयमालेला खुणेनं विचारलं. ती ताट घ्यायला जवळ आली तेव्हा हळूच म्हणाली, "त्या अशा टायमाले पुढं येतीन काय? तिकडंच बसल्या वसरीत, पाट टाकून. इथूनच आयकतो म्हणे."

त्याला माहीत होतं. चाळीस वर्षांपासून माहीत होतं. विधवा झाल्यापासून झुंबरबाई कोणाच्या मंगल कार्यात पुढं आली नव्हती. जीवनच्या लग्नात ती दाराआड उभी राहून अक्षता टाकत होती, कोणी ओढलं तरी यायची नाही. हे त्याला इतकं माहीत होतं की ते आठवायचंच राहिलं. कार्यक्रम तिच्या घरी असता तर ती मागं स्वयंपाकघरात भज्यांच्या कढईजवळ बसली असती, कमानीपासून दोन खोल्या दूर. त्यानं तो इकडं आणला, आणि आवाज ऐकू यावा म्हणून ती पुढं येऊन बसली. तो उठला. उठला तोच इंद्रभानमामानं त्याचा हात धरला. दुसऱ्या हातात शेला आणि टोपी. लोकांनी वाट केली. मामा म्हणाला, आज यजमानाचा पहिला मान, यांनी आपलं घर दिलं. गजेंद्र म्हणाला, एक मिनिट, आलोच. मामा हसला, सगळे हसले, आजकाल एवढा लाजणारा माणूस कुठं भेटतो. टोपी डोक्यावर बसली, शेला खांद्यावर आला, कोणीतरी फोटोसाठी त्याचा खांदा वळवला. तो हात झटकून निघाला असता तर पाच पावलांत फाटकाबाहेर होता. त्यानं हात झटकला नाही. मानपान चालू असताना माणूस हात झटकत नाही.

आवाज झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं फटाक्यांची लड लागली. बायका हसत कानांवर हात ठेवून जीवनकडं पाहू लागल्या. लड जीवनच्या हातातच होती, न पेटवलेली, आणि तो गोंधळून तिच्याकडं पाहत होता. मग फाटकातून लाल धूळ आत आली, हळूहळू, फरशीवरून, रांगोळीवरून.

पुढचं गजेंद्रला सलग आठवत नाही. विटा उचलत होता हे आठवतं. विटा गरम होत्या असं त्याला वाटत राहिलं, थंडीचे दिवस होते तरी. त्यातली एकेक त्याला ओळखू येत होती, ही माथ्याची, ही खांद्याची. विटांखाली पाट दिसला आणि मग हात दिसला, पालथा, बांगड्या नसलेला. तो त्यानं धरला. कोणीतरी त्याला मागून ओढलं.

आणि मग सुरू झालं ते कौतुक. दवाखान्याच्या आवारात, स्मशानात, दारात चप्पल काढता काढता, जो तो तेच बोलत होता. चाळीस माणसं त्याच कमानीखाली बसणार होती. गजूभाऊला देवानंच बुद्धी दिली. म्हातारीचं आयुष्य तेवढंच होतं, तिची वेळ भरली होती, पण बाकीची घरं वाचली. मुलाच्या बापानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. पंचनाम्याला आलेल्या माणसानं कागदावर जुनं बांधकाम असं लिहिलं आणि त्याच्याकडं आदरानं पाहिलं. गजेंद्र पाय मागं घ्यायचा, तर लोक म्हणत, पाहा, किती साधा माणूस. प्रतीक्षा दोन दिवस त्याच्याच घरात वरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आल्यावर ती खाली आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि बसक्या आवाजात म्हणाली, "काका, तुमच्यामुळे आमी वाचलो." चिकटपट्टी अजून बोटावर होती, मळलेली. त्याला त्या वेळी मरण आलं असतं तर चाललं असतं, पण असं मागून ते येत नाही.

त्याच दुपारी शंकररावानं हाक मारली. तो आपल्या सात नंबरच्या कमानीखाली उभा होता. शेजारी आठ नंबरच्या जागी मागच्या दोन खोल्या उघड्या आभाळाखाली तोंड वासून उभ्या होत्या, आणि सात नंबर आता ओळीतलं शेवटचं घर झालं होतं. त्यानं स्टूल आणून ठेवलं होतं. एका हातात विटांचं ढेकूळ होतं, ढिगाऱ्यातून उचललेलं, आणि त्यावर काचेची पट्टी, अख्खीच्या अख्खी. शंकरराव साधा माणूस, जन्मभर जिनिंगच्या काट्यावर कापूस तोललेला. म्हणाला, काच तर साबूत हाय गजूभाऊ, म्हणजे आधी काहीच इशारा नव्हता, घडीभरात झालं सारं. मग वर बोट दाखवलं. सातव्या कमानीच्या माथ्यावर एक रेघ होती, पेन्सिलीनं ओढावी तशी, नवी. "आमच्या कमानीलेही एक लावून देता काय?" तो म्हणाला. "अन्नपूर्णा दोन रात्री झोपली नाही. काच लागली म्हणजे तिले धीर येईन."

गजेंद्र स्टुलावर चढला. का चढला ते त्यालाही कळलं नाही, सवय असेल. रेघेवर बोट ठेवलं. आणि त्याला जाणवलं की आता हे इथून पुढं जाणार, सातवरून सहावर, सहावरून पाचवर, बाण काढले होते त्याच्या बरोबर उलट, आणि प्रत्येक घरात तो स्टूल घेऊन जाणार आणि प्रत्येक बाई स्टूल धरून म्हणणार, लाव बापा. तो खाली उतरला.

"शंकरराव, घर खाली करा," तो म्हणाला. "आजच. साऱ्यांनीच करा."

"काऊन?"

"काचेनं काही होत नाही. ते फक्त सांगते. मले चारदा सांगतलं तिनं." त्यानं आपल्या पार्किंगकडं बोट दाखवलं. "म्हैस मी काढली. साऱ्या कमानींचा रेटा तिच्यावर होता. मले माहीत होतं."

दुःखानं माणूस काहीबाही बोलतो असं शंकररावाला आधी वाटलं असावं, कारण त्यानं गजेंद्रच्या दंडाला हात लावला. मग त्याचं लक्ष हातातल्या ढेकळाकडं गेलं. त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला. एका टोकाला सिमेंटचा गोळा. दुसरं टोक कोरं, गुळगुळीत. जन्मभर काट्यावर उभा राहिलेला माणूस, त्याला खोटं वजन ओळखायला वेळ लागला नाही.

"हे कधी लावली?"

"साक्षगंधाच्या सकाळी."

"ते होती तेव्हा?"

"स्टूल तिनंच धरलं होतं."

शंकररावानं ढेकूळ हळूच खाली ठेवलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मंग तिले काऊन नाही सांगतलं?" एवढंच त्यानं विचारलं. शंकरराव घरात गेला. आत अन्नपूर्णाबाईशी काहीतरी बोलणं झालं, भांडी हलल्याचा आवाज आला, मग तो सहा नंबरात गेला, तिथून पाचात.

ऊन कलेपर्यंत सगळी ओळ बाहेर आली. गाद्या, कोठ्या, देव्हारे, शिवणयंत्रं, गॅसची टाकी, एक म्हातारं कपाट ज्याला चौघं लागले. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी त्याच्या दाराकडं पाहिलंही नाही. पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या एकेक करून त्याच्याकडून परत नेल्या गेल्या. प्रतीक्षाही वरून उतरली, आत्याची शाल आणि एक पिशवी घेऊन, आणि त्याच्या बाजूनं निघून शंकररावाच्या सामानाशेजारी जाऊन बसली. सामान रस्त्याच्या कडेला, धुळीत, जिनिंगच्या फाटकापर्यंत लागलं होतं, येणारे-जाणारे रिक्षावाले हॉर्न वाजवत वळसा घेत होते. जीवननं गाडी अजून बाहेरच उभी ठेवली होती. पार्किंग धुतलेली, रिकामी, फाटक सताड उघडं. अंधार पडेपर्यंत गजेंद्र तिथं उभा होता. तिथं कोणी एक बादलीसुद्धा आणून ठेवली नाही.